फान देचुनच्या नावावर

लुआन बाओशानला नवव्या वर्षी हाओ मास्तरांच्या शाळेत घातलं, ते त्याच्या छातीपायी. लसूण काढायच्या दिवसांत धूळ उडाली की पोराला धाप लागायची, ओठ निळे पडायचे. "हा शेतात टिकायचा नाही," बाप म्हणाला. "मास्तरांकडे टाकू. तिथं मेला नाही तर माणूस तरी होईल." आईनं पाठ फिरवली आणि गोधडी बांधायला घेतली.

शाळा युनहे गावाच्या टोकाला, कालव्याकाठी, बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीत होती. चारी बाजूंनी उंच भिंती, भिंतींवर काचा रोवलेल्या. आत ऐंशी पोरं. फाटकाची किल्ली मास्तरांच्या बायकोच्या कमरेला असायची, आणि ती झोपतानाही काढत नाही असं पोरं म्हणायची. पहाटे उठून कालव्याच्या बांधावर धावायचं, मग वाफवलेले पाव आणि खारवलेला मुळा, मग दुपारपर्यंत लाथा. पहिल्या महिन्यात बाओशान रोज भिंतीकडे बघायचा. दुसऱ्या महिन्यापासून बघायचं त्यानं सोडून दिलं. वर्षभरात त्याची धाप गेली. आणि तो मास्तरांचाच झाला, ते आणखी एका वर्षानं.

अकरा वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला. बाहेर गुडघाभर बर्फ, रस्ता बंद, गाडी मिळेना. हाओ मास्तरांनी त्याला रजईत गुंडाळलं, पाठीला बांधलं आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत चालत नेलं. सकाळी निघालेला माणूस दुपारी पोहोचला. त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं त्या दिवशी गारठून काळी पडली, पुढं कापावी लागली. आई दवाखान्यात आली तेव्हा आधी मास्तरांसमोर गुडघ्यांवर बसली आणि मगच पोराच्या खाटेजवळ गेली. "मी जन्माला घातलं," ती त्याला म्हणाली, "पण तू आहेस तो यांच्यामुळे. एवढं ध्यानात ठेव."

त्यानं ते ध्यानात ठेवलं. तिथंच तो अडकला, असं आमच्याकडची जाणती माणसं म्हणतात. नावाचा घोळ झाला तो नंतर.

आमच्याकडे जी झुंज खेळतात तिला सान्दा म्हणतात. ठोसे, लाथा आणि समोरच्याला उचलून आपटणं, सगळं चालतं. बाओशानची डावी लाथ सोळाव्या वर्षीच अशी बसायची की ढालीसारखी गादी धरून उभा राहिलेला पोरगा दोन पावलं मागं सरकायचा. त्याच वर्षी वसंतात प्रांताच्या कुमार स्पर्धा होत्या. पंधरा वर्षांखालच्या गटात युनहेच्या शाळेला एकच जागा मिळाली होती, आणि ती बाओशानच्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या फान देचुनला होती. उंच, हाडकुळा, भित्रा पोरगा. स्पर्धेच्या आठ दिवस आधी सगळे बांधावर धावायला गेलेले असताना देचुननं काचांवर रजई टाकली, भिंत ओलांडली आणि चुलतभावाबरोबर दक्षिणेला फर्निचरच्या कारखान्यात निघून गेला. भिंतीवर त्याची फाटकी रजई तेवढी लोंबत राहिली.

मास्तरांनी बाओशानला बोलावून घेतलं. ते टबात पाय सोडून बसले होते.

"वय काय रे तुझं?"

"सोळा, मास्तर."

"चेहऱ्यावरून चौदाचा दिसतोस. देचुनची जागा रिकामी आहे. नाव पाठवलंय, कार्ड यायचंय. फोटो अजून द्यायचाय."

बाओशाननं टबातल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "पण मी देचुन नाही."

"चार दिवस हो. तुझ्या अंगाला काय भोकं पडणारेत? मंच बघशील, गर्दी बघशील. हरून परत आलास की पुन्हा बाओशान."

तो हरला नाही. पाच लढती जिंकला. शेवटच्या लढतीनंतर कर्ण्यातून "फान देचुन, सुवर्ण!" अशी आरोळी आली, तेव्हा तो पाण्याची बाटली शोधत खाली वाकला होता. मास्तरांनी कोपर मारलं तेव्हा कुठं तो वर चढला. परतीच्या बसमध्ये मास्तर त्याच्या शेजारी येऊन बसले.

"जिंकायला कुणी सांगितलं होतं तुला?" ते म्हणाले. "मला वाटलं, दुसऱ्या फेरीत पडशील."

"चुकलं, मास्तर," बाओशान म्हणाला. दोघंही हसायला लागले. हसता हसता मास्तरांनी त्याचं डोकं काखेत दाबलं, आणि त्या पोराला तेव्हा वाटलं की याहून मोठं सुख नसेल.

पुढच्या महिन्यात शहराच्या संघानं फान देचुनला घेतलं. एकदा संघात नाव लागलं की ते असं तसं निघत नाही. खेळाडूचं कार्ड, दर्जाचा दाखला, सगळं त्या नावावर चढतं. मास्तर दारूच्या दोन बाटल्या घेऊन देचुनच्या बापाकडे गेले. "पोरगा तर पत्र पाठवत नाही," म्हातारा म्हणाला, "निदान नाव तरी घरात राहील." त्यानं घरातल्या माणसांच्या सरकारी नोंदवहीची प्रत दिली. बाओशानच्या बापानं विचारलं, "मग माझ्या पोराचं काय?" मास्तर म्हणाले, "गावात तुझाच आहे. मंचावर तेवढा त्यांचा." त्या बापड्यानं मास्तरांना चहा ओतला. मास्तरांनी त्याच्या पोराला पाठीवर वाहिलं होतं.

अशी बारा वर्षं गेली.

फान देचुन प्रांताचा विजेता झाला, तीनदा. देशात दुसरा आला. शहराच्या क्रीडा खात्यात त्याला कागदोपत्री नोकरी लागली. मग टीव्हीवरच्या लढती सुरू झाल्या, रंगीत दिवे आणि धूर सोडून खेळाडूंना आत आणायच्या. तिथं त्याला 'कालव्याची कुऱ्हाड' असं नाव पडलं. युनहेच्या बाजारात त्याचं चित्र लागलं. फानांच्या वस्तीवरच्या लोकांनी वेशीवर लाल कापड बांधलं. तिथून कोसभरावर लुआनांच्या गावात बाओशानची आई दार लावून टीव्ही बघायची. शेजारीण विचारायची, "तुमचा धाकटा काय करतो हो?" आई सांगायची, "शाळेत आहे. झाडलोट करतो."

बाओशान सुट्टीला घरी यायचा तो टोपी ओढून, भुवईवरचे टाके झाकून. लग्नाची बोलणी निघाली तेव्हा तर मोठीच पंचाईत झाली. मुलगी रुइफांग, बाजारात मटणाच्या रश्श्याचं दुकान चालवणाऱ्या म्हाताऱ्याची लेक. फटकळ, कामाला वाघ. तिच्या मावशीनं सगळीकडं सांगून ठेवलं होतं की आमची पोर विजेत्या फान देचुनला दिली. नोंदणीच्या खिडकीशी बाओशाननं ओळखपत्र काढून ठेवलं. रुइफांगनं ते उचललं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे कुणाचं?"

"माझं."

"मग लग्न मी कुणाशी करतेय?"

खिडकीतली बाई कान टवकारून ऐकत होती. बाओशाननं रुइफांगला बाहेरच्या बाकावर नेलं आणि सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते कुणाला तरी सलग सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तू चोर."

"चोरलं नाही. मला दिलं."

"परत का करत नाहीस?"

रुइफांगनं मग थोडा विचार केला. "बाओशान बरं नाव आहे," ती म्हणाली. "चल. पण मावशीला तू सांगायचंस. मी मार खाणार नाही." आणि ती त्याच्या आधी आत गेली.

बक्षिसाचं प्रमाणपत्र घरात लावायचं तर दुसऱ्याचं नाव भिंतीवर. लावलं नाही तर पाहुणे विचारतात. रुइफांगनं सगळी प्रमाणपत्रं पिठाच्या पिंपामागं ठेवली.

या नावाचा काच खरा बसू लागला तो ओसाकाच्या आमंत्रणापासून. लढती भरवणारे दोउ साहेब स्वतः युनहेला आले. जपानात मोठी स्पर्धा होती, सत्तर किलोच्या गटात आठ जण, आणि त्यांना फान देचुन हवा होता. "पासपोर्ट तेवढा पाठवा," दोउ साहेब म्हणाले. पासपोर्टासाठी माणूस स्वतः उभा राहतो, बोटांचे ठसे देतो, खात्यातल्या संगणकावर चेहरा जुळवून बघतात. मास्तरांनी चहा ओतता ओतता सांगून टाकलं, "गुडघा दुखावलाय त्याचा." बाओशान बाजूला दोन चांगल्या गुडघ्यांवर उभा होता.

पुढच्या वर्षी बँकॉक आलं, तेव्हा पाठ दुखावली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा ओसाका, तेव्हा मास्तरांच्या तोंडून खांदा निघाला. वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं, "कुऱ्हाड कालव्याबाहेर चालत नाही." जीनान शहरात, लढतीआधी वजन करायच्या दिवशी एक पोरगा सगळ्यांदेखत म्हणाला, "काय दादा, गल्लीतले वाघ! परदेशाचं नाव काढलं की तुमचं कुठलं हाड मोडतं हो?" बाओशाननं त्याला दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत आडवा केला. पण झोपवलेल्या माणसाचं तोंड बंद होतं, बघणाऱ्यांचं होत नाही.

त्या लढतीनंतर तो मास्तरांकडे गेला. शाळेचं अंगण तेच होतं, पोरं नवीन. मास्तर आता काठी घेऊन चालत.

"मास्तर, हे सोडवा. मला माझ्या नावानं खेळू द्या."

"तुझ्या नावावर काय आहे?"

"काही नाही."

"तेच म्हणतो. लुआन बाओशान कोण? एकही लढत न खेळलेला अठ्ठावीस वर्षांचा घोडा. नवीन कार्डाला सत्ताविसाच्या वर घेत नाहीत. आणि आपण खरं सांगायला गेलो, तर माझी शाळा बंद. आज एकशेदहा पोरं आहेत आत. त्यातल्या चाळिसांना घरी भाकर नाही. त्यांना कुठं पाठवू, सांग?"

बाओशान खाली बघत राहिला. मास्तरांच्या चपलेत डाव्या पायाची तीनच बोटं होती. ती मास्तरांनी दाखवली नव्हती, कधीच दाखवायचे नाहीत. पण ती दिसायची.

"दोन वर्षं काढ," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "देचुन निवृत्त होईल. सत्कार करू. मग तू मोकळा."

तो 'बरं' म्हणाला. त्याच्या तोंडात मास्तरांसाठी तो एकच शब्द होता.

आणि मग फान देचुन परत आला.

वर्ष दोन हजार चौदा, पानगळीचे दिवस. बाओशान सासऱ्याच्या दुकानात दुपारी रश्श्याच्या कढईशी उभा होता. दारातून एक उंच, वाकलेला माणूस आत आला आणि टोपी न काढता कोपऱ्यात बसला. रुइफांगनं वाडगा ठेवला तेव्हा त्यानं डाव्या हातानं चमचा धरला. उजवा हात टेबलाखाली. निम्मा रस्सा संपल्यावर तो बाओशानकडे बघून म्हणाला, "तुझी ती घोरायची सवय गेली का रे?"

बाओशाननं त्याला ओळखलं ते आवाजावरून. हातातली पळी कढईत पडली.

"घाबरू नकोस," देचुन म्हणाला. "मी भांडायला आलेलो नाही. भांडलो तर तूच मारशील मला. अख्ख्या देशात दुसरा आलाहेस, माझ्या नावानं."

मग त्यानं उजवा हात वर ठेवला. अंगठा आणि करंगळी. मधली तिन्ही बोटं मुळातून गेलेली. कारखान्यातल्या करवतीनं दोन वर्षांपूर्वी कापली होती. मालक एका रात्रीत गाशा गुंडाळून पसार झाला. बायको माहेरी गेली, मागं सहा वर्षांची मुलगी राहिली. देचुन तिला घेऊन गावी आला आणि अपंगाचा दाखला मागायला कचेरीत गेला, कारण दाखल्याशिवाय ना मदत, ना मुलीच्या शाळेची सवलत.

"खिडकीतल्या बाबानं संगणकात बघितलं," देचुन सांगत होता. त्याला मधेच हसू येत होतं, आणि ते हसू बघवत नव्हतं. "म्हणतो, फान देचुन, फानांची वस्ती? तुम्ही तर खात्यात नोकरीला आहात. खेळाडू म्हणून. मी हात दाखवला. तो म्हणतो, गेल्याच महिन्यात तुम्ही जीनानला एकाला पहिल्या फेरीत पाडलंत, मी स्वतः टीव्हीवर बघितलं. मी म्हटलं, तो मी नव्हे. तर म्हणतो, मग तुम्ही कोण?"

रुइफांग मटण चिरता चिरता थांबली होती.

"आधी कौतुक वाटायचं बरं का," देचुन म्हणाला. "कारखान्यातली पोरं म्हणायची, ए कुऱ्हाड, मार की एक लाथ. मजा यायची. आई तर तुझं चित्र भिंतीला लावून बसलीय. तिला आता नीट दिसत नाही. तिला वाटतं तो मीच." तो उठला. "मला तुझं काही नको, बाओशान. मला फक्त मी पाहिजे."

तो गेल्यावर बाओशान मागच्या अंगणात जाऊन बसला. इतकी वर्षं त्याला वाटायचं, कोंडलेला आहे तो एकटा आपण. त्याच कोठडीत आणखी एक माणूस आहे, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो देचुनला घेऊन कचेरीत गेला. खिडकीशी दोघं शेजारी उभे राहिले. "फान देचुन हा," बाओशान म्हणाला. "टीव्हीवर दिसतो तो मी. मी लुआन बाओशान."

खिडकीतल्या माणसानं दोघांकडे बघितलं, मग दाराकडे. "मोठ्यानं बोलू नका," तो म्हणाला. "हे बघा, दादा, तुमचं कार्ड एका खात्यानं दिलं, नोंद दुसऱ्या खात्यानं केली. मी खोटं म्हणालो तर त्या दोघांना मी खोटं ठरवलं. माझी बदली कुठं होईल ठाऊकय? शाळेचं पत्र आणा, शिक्क्यासह. मग बघू."

शाळेचं पत्र म्हणजे मास्तरांची सही. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन वर्षं म्हणालो होतो ना? दोन महिने तरी झाले का?" देचुनच्या मुलीसाठी त्यांनी तांदळाचं पोतं पाठवलं. देचुननं ते दारातूनच परत केलं.

डिसेंबरात जीनानला मोठी लढत होती. वजन सकाळी दहाला, एका हॉटेलच्या दालनात. बाओशाननं त्या आठवड्यात सात किलो उतरवलं होतं. प्लास्टिकचा अंगरखा घालून धावायचं, गरम टबात बसायचं, शेवटचे दोन दिवस पाण्याचा थेंब नाही. जीभ टाळूला चिकटलेली. काट्यावर तो चढला तेव्हा बरोबर सत्तर भरला. पत्रकारांनी फोटो घेतले. मग टेबलावर कागद आला: नाव, सही, अंगठा. बारा वर्षं त्यानं ती सही केली होती. त्याचा हात ती झोपेत करू शकला असता.

त्यानं लिहिलं, लुआन बाओशान. अंगठा शाईत बुडवून शेजारी दाबला.

टेबलामागची मुलगी म्हणाली, "चुकलं की, फान दादा. दुसरा कागद देते."

"चुकलं नाही. हेच माझं नाव आहे."

तिनं हसून दोउ साहेबांकडे बघितलं. दोउ साहेबांनी कागद वाचला. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "डोक्यावर परिणाम झालाय का तुझ्या? तिकिटं विकली गेलीत. उद्या काय सांगू मी?"

बाओशाननं खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढलं आणि कागदावर ठेवलं. समोर पाच-सहा कॅमेरे होते. हे त्यानं मुद्दाम केलं असं लोक पुढं म्हणाले. खरं तर त्याला कॅमेरे दिसतच नव्हते, डोळ्यांपुढं अंधारी आली होती. त्याला दिसत होते ते खोलीच्या टोकाला काठी टेकून उभे असलेले हाओ मास्तर. ते ओरडले नाहीत. पुढंही आले नाहीत. टोपी डोक्यावर घातली, वळले आणि तीन बोटांच्या पायानं लंगडत दाराबाहेर गेले. बाओशाननं हाक मारली, पण कोरड्या घशातून आवाज फुटला नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. चौकशी बसली. फान देचुनची सगळी पदकं काढून घेतली, नोकरी गेली, नाव यादीतून पुसलं. शाळेला पाच वर्षं स्पर्धेत पोरं पाठवायला बंदी आली. एकशेदहातली निम्मी पोरं पांगली. शाळा बंद मात्र पडली नाही. मास्तरांच्या बायकोनं अंगणात भाजी लावली आणि उरलेल्यांना जगवलं. बाजारातलं चित्र उतरवलं गेलं. फानांच्या वस्तीवर बाओशानला शिव्या, लुआनांच्या गावात त्याच्या बापाला. "बारा वर्षं फसवलंत की हो आम्हाला," शेजारीण आईला म्हणाली, "झाडलोट करतो म्हणे!"

देचुनला दाखला मिळायला आठ महिने लागले. पण मिळाला. तो सांगायला दुकानात आला तेव्हा मुलगी बरोबर होती. ती दोन वाडगे रस्सा प्यायली. जाताना देचुन अडखळत म्हणाला, "आईनं चित्र अजून काढलेलं नाही. काढू म्हटलं तर रडते."

"राहू दे," बाओशान म्हणाला.

आता गंमत अशी, की बंदी आली ती फान देचुनच्या नावावर, जन्मभराची. लुआन बाओशानवर बंदी नव्हतीच. कार्डासाठी तो खात्यात गेला तेव्हा तिथली बाई म्हणाली, "तुमच्याविरुद्ध इथं काहीच नाही. पण तुमच्या बाजूनंही काही नाही. आणि वय उलटलंय." व्यायामशाळा काढायची म्हटली तर प्रशिक्षकाच्या परवान्याला स्पर्धेचा दाखला लागतो. दोन ठिकाणी शारीरिक शिक्षणाच्या जागेसाठी अर्ज केला, तिथंही तोच रकाना: मिळवलेली पदकं. त्यानं रेघ मारली.

तेव्हापासून तो लसणाच्या शीतगृहात काम करतो. शून्याखालची थंडी, छतापर्यंत रचलेल्या जाळीच्या पिशव्या, आणि जाड दार बाहेरून बंद होतं. आत दोन दोन तास राहायचं, मग अर्धा तास उन्हात. पहिल्या दिवशी दार लागलं तेव्हा त्याला लहानपणासारखी धाप लागली. मुकादम म्हणाला, "काय पैलवान, भीती वाटते?" तो म्हणाला, "वाटते." आणि पिशव्या उचलायला लागला.

तिसऱ्या वर्षी दुसऱ्या चांद्रमहिन्यातल्या जत्रेत देवळापुढं मंच बांधला होता. नवशिक्यांची झुंज, जिंकणाऱ्याला मेंढा. रुइफांगनंच त्याचं नाव दिलं, न विचारता. "मेंढा लागतोच दुकानाला," ती म्हणाली. टेबलाशी बसलेल्या पोऱ्यानं विचारलं, "आधी किती लढती?" "एकही नाही," बाओशान म्हणाला. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. पोऱ्यानं लिहून घेतलं.

समोर खाटकाचा मुलगा होता, पंचविशीतला, बैलासारखा. बाओशान एकतिसाचा, तीन वर्षांत अंगावर चरबी चढलेली. पहिली फेरी त्यानं नुसती पायांवर काढली. दुसऱ्या फेरीत खाटकाचा मुलगा आंधळ्यासारखा आत घुसला, आणि डावी लाथ आपसूक गेली. मुलगा बसला तो बसलाच. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अरे हा तर फान देचुन!" दुसरा म्हणाला, "तो कुठला, तो तर खोटा होता!" "हाच तो खोटा!" हशा पिकला.

खाटकानं पंचांची कॉलर धरली. नवशिक्यांत विजेता घुसवला म्हणून. जत्रेचे पुढारी मंचावर चढले.

"तुम्ही विजेते होता की नाही?"

"कागद दाखवा," बाओशान म्हणाला. "मी कशाचा विजेता आहे, कुठं लिहिलंय?"

पुढाऱ्यांनी डोकं खाजवलं. कागद कुणाकडंच नव्हता. शेवटी त्यांनी ठरवलं की लढत झालीच नाही असं धरावं. कर्णेवाला बिचारा गोंधळला. "लाल बाजूला होते लुआन बाओशान," तो म्हणाला, "उर्फ…"

"उर्फ काही नाही," बाओशान मंचावरून म्हणाला. त्या दिवशी त्याचा आवाज मात्र फुटला.

मेंढा खाटकाच्या मुलाला मिळाला. बाओशाननं हातावरच्या पट्ट्या सोडल्या, रुइफांगनं त्याच्या खांद्यावर कोट टाकला आणि पुढाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुपारची पाळी होती, म्हणून तो जत्रेतून सरळ शीतगृहाकडे निघाला. वाटेत हाओ मास्तरांची शाळा लागते. फाटक उघडं होतं, आत विसेक पोरं रांगेत लाथा मारत होती. मास्तर खुर्चीत बसले होते. त्यांनी बाओशानला बघितलं. त्यानं थांबून, दोन्ही हात जुळवून, वाकून नमस्कार केला, शिष्य करतो तसा. मास्तरांची मान हलली, ती त्याच्या नमस्काराला की पोरांना ताल द्यायला, हे त्याला लांबून कळलं नाही. तो थोडा वेळ उभा राहिला. मग पाळीचा भोंगा वाजला आणि तो चालायला लागला.